बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी पिस्तुलाची काडतुसे दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

महोदय,

आपल्या कंपनीच्या नागपूर येथील विक्री केंद्राचा मी गेल्या नऊ वर्षांपासूनचा ग्राहक आहे. काटोलजवळच्या माझ्या संत्र्याच्या बागेत रात्रीच्या मुक्कामाला राहावे लागत असल्यामुळे मला शस्त्र परवाना मिळालेला आहे आणि त्यावर बत्तीस बोअरच्या एका रिव्हॉल्व्हरची नोंद आहे. पिस्तूल माझ्याकडे नाही, कधी नव्हते. दर खरेदीच्या वेळी हा परवाना आपल्या काउंटरवर पाहिला जातो, तरीही ६ जानेवारी रोजी मला जी पंचवीस काडतुसे देण्यात आली ती ७.६५ मिलिमीटर पिस्तुलाची होती; त्यांनाही ‘.३२’ असेच म्हणतात. पावतीवर मात्र ‘.३२ काडतुसे, नग २५’ एवढेच लिहिलेले आहे.

घरी आल्यावर गेल्या वर्षीचे शिल्लक काडतूस शेजारी उभे करून पाहिले, तेव्हा नवे काडतूस स्पष्टपणे बुटके दिसले. मी लगेच केंद्रात दूरध्वनी केला. आपल्या विक्रेत्याने दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहितो: “काका, बत्तीस म्हणजे बत्तीसच. गोळी आत जाऊन राहिली ना? मग वाजन बी.” दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो, तर त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका नेमबाजाचे चित्रण दाखवले आणि तिकडे लोक पिस्तुलाच्या गोळ्या रिव्हॉल्व्हरमधूनच झाडतात, असे सांगून माझी समजूत घातली. मी ती घालून घेतली, हा माझा दोष मी नाकारत नाही. परंतु त्या चित्रणातील रिव्हॉल्व्हर आणि माझे रिव्हॉल्व्हर यांत काय फरक आहे, हे शस्त्रे विकणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते.

पिस्तुलाच्या बहुतेक काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कड नसते, कारण ती मॅगझिनमध्ये एकावर एक बसून सरकावी लागतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस मात्र त्या कडेवरच सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे भरण्याच्या फिरत्या भागात, टेकते, आणि बार झाल्यावर त्याच कडेला धरून रिकामी पुंगळी बाहेर ढकलली जाते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला .४५ बोअरची पिस्तुले पुरेनात, तेव्हा १९१७ साली कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी त्याच काडतुसासाठी रिव्हॉल्व्हरे बनवून दिली. परंतु त्यासाठी सिलिंडर मागून कमी करून तीन-तीन काडतुसे अडकवणाऱ्या अर्धचंद्राकृती पोलादी पट्ट्या, म्हणजे हाफ मून क्लिप, वापराव्या लागल्या. कोल्टच्या सुरुवातीच्या नगांत तर चेंबर, म्हणजे सिलिंडरमधले काडतुसाचे भोक, सरळ आरपार असल्यामुळे पट्टीशिवाय काडतूस नीट टेकतच नसे. स्मिथ अँड वेसनमध्ये ते टेकत असे, पण पुंगळ्या एकेक करून काडीने काढाव्या लागत. आज स्पर्धांमध्ये सहा किंवा आठ काडतुसांची पूर्ण चकती वापरतात. जेरी मिकुलेक या नेमबाजाने १९९९ साली मध्येच एकदा रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून बारा बार २.९९ सेकंदांत उडवले, ते अशाच रिव्हॉल्व्हरमधून. ती यंत्रे त्या काडतुसासाठी घडवलेली आहेत. माझे तसे घडवलेले नाही.

बत्तीसच्या बाबतीत घोटाळा अधिक फसवा आहे, कारण ७.६५ च्या काडतुसाला अगदीच कड नाही असे नव्हे, किंचित आहे. मी तीस वर्षे हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये काम केले असून बारीक मोजमापाचे व्हर्नियर अजून घरी आहे. जुन्या काडतुसाची कड ९.५ मिलिमीटर रुंद आणि १.४ मिलिमीटर जाड भरली, तर आपण दिलेल्याची ९.१ रुंद आणि १.१ जाड. पुंगळीची लांबी जुन्याची साधारण २३.४ आणि नव्याची १७.३. म्हणजे काडतूस आत जाते, कडेवर टेकल्यासारखेही दिसते, पण मागे सुमारे ०.३ मिलिमीटरची फट राहते आणि पुढे गोळीला सहा मिलिमीटर मोकळे अंतर ओलांडावे लागते. शिवाय पिस्तुलाच्या या काडतुसाचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त असतो. हे मोजमाप मी खरेदीच्या दुसऱ्या दिवशी करायला हवे होते, ते नेमबाजीच्या रेंजवरून परत आल्यानंतर केले.

१८ जानेवारी रोजी रेंजवर मी सहा काडतुसे भरली. चार उडाली, दोन वेळा घोडा पडून नुसता ‘टक्’ आवाज आला. बार उशिरा होण्याची शक्यता असते म्हणून नळी लक्ष्याकडे धरून मी अर्धा मिनिट तसाच उभा राहिलो. बासष्टाव्या वर्षी तो अर्धा मिनिट लहान नसतो. दुसऱ्या ठोक्याला एक काडतूस उडाले, दुसरे तेव्हाही उडाले नाही. त्याच्या कॅपवर पिनचा जेमतेम खळगा पडलेला आहे, तो मागे राहिलेल्या फटीमुळेच. सिलिंडर उघडून दांडा दाबला, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरचा तारा, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग, एका पुंगळीच्या निरुंद कडेवरून घसरून तिच्या वर चढला आणि ती पुंगळी त्याच्याखाली रुतून बसली. दांडा मागे जाईना, सिलिंडर मिटेना. रेंजवरील जाणकाराने न उडालेले काडतूस आधी सुरक्षितपणे काढून, मग लाकडी काडीने पुढून हलके ठोके देऊन ती पुंगळी सोडवली. या सगळ्यात पाऊण तास गेला. आता माझी नेहमीची काडतुसे दोन चेंबरांत पूर्ण बसत नाहीत, कारण आखूड पुंगळीच्या तोंडापुढे काजळीचे कडे जमले आहे. ताऱ्याच्या एका दाताला इजा झाली आहे की नाही, हे मला साध्या भिंगाने ठरवता येत नाही.

माझी खरी अडचण यापुढची आहे. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतात याची मर्यादा असते आणि ही पंचवीस काडतुसे त्यात मोजली गेलेली आहेत. उरलेली एकोणीस मला वापरता येत नाहीत, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ असल्यामुळे ती कोणाला देता येत नाहीत, कोठे टाकताही येत नाहीत. किराणा दुकानातला डाळीचा पुडा बदलून मिळतो तसा हा व्यवहार नाही, म्हणूनच तो देणाऱ्याने दोनदा पाहून द्यायचा असतो. केंद्रप्रमुखांना मी दोन वेळा लेखी कळवले. पहिल्या पत्राला उत्तर नाही आणि दुसऱ्या वेळी ‘विकलेला माल परत घेतला जात नाही’ हा छापील शिक्का मारलेली पावतीची प्रत हाती ठेवण्यात आली.

म्हणून विनंती अशी की, उरलेली एकोणीस आणि न उडालेले एक अशी वीस काडतुसे आपल्या केंद्राने नियमानुसार नोंद करून परत घ्यावीत, पंचवीसही काडतुसांची किंमत मला परत करावी आणि आपल्या विक्री नोंदवहीत काडतुसाचा खरा प्रकार लिहून त्याची प्रत मला द्यावी, जेणेकरून वर्षाच्या मर्यादेबाबत मला परवाना शाखेकडे अर्ज करता येईल. रिव्हॉल्व्हरची तपासणी परवानाधारक शस्त्र कारागिराकडून करून घेऊन तिचा खर्चही आपणच सोसावा. पावतीवर नुसते ‘.३२’ न लिहिता ‘रिव्हॉल्व्हर’ किंवा ‘पिस्तूल’ असे लिहिण्याची सूचना आपण सर्व केंद्रांना द्याल, अशी अपेक्षा आहे. त्या विक्रेत्याला कामावरून काढावे असे माझे म्हणणे नाही. मुलगा बोलायला चांगला आहे, त्याला कोणी शिकवलेले नाही इतकेच.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, परवान्याच्या संबंधित पानाची प्रत आणि दोन्ही काडतुसे व्हर्नियरसह दाखवणारी छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक
प्रतापनगर, नागपूर