विषय: सोसायटीत मदत समन्वय गट स्थापन करण्याबाबत (तिसरा अर्ज)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नेरूळ, नवी मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

याच विषयावरचा हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिला जूनमध्ये दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. दुसरा गणपतीनंतर दिला. त्याच्या प्रतीवर शिक्का मागितला तेव्हा "सेक्रेटरी साहेब आल्यावर मारतो" असे उत्तर मिळाले आणि तो शिक्का आजतागायत मिळालेला नाही. सभासदाचा लेखी अर्ज लगेचच्या समिती सभेत घ्यावा आणि निर्णय त्यानंतर 15 दिवसांत कळवावा, असे आपल्याच उपविधींत लिहिलेले आहे. उपविधींचे पुस्तक ऑफिसच्या कपाटात आहे. मी वाचून परत ठेवले आहे.

मागणी साधी आहे. प्रत्येक विंगमधून एक पुरुष व एक स्त्री अशा आठ जणांचा गट असावा. कोणाच्या घरी कोण एकटे राहते, कोणाला कोणता आजार आहे, कोणाच्या मुलाचा नंबर कोणता, जादा किल्ली कोणाकडे आहे, याची एक वही त्यांनी ठेवावी. बाहेर ज्या सोयी आधीच आहेत, त्या गरजू घरापर्यंत पोहोचवाव्यात. नवीन काहीही उभे करायचे नाही. रुग्णवाहिकेला 108 आहे. ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते. मुलांसाठी 1098 आहे, पोलिसांसाठी 112 आहे. नेरूळमध्येच महापालिकेचे मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे. हे सगळे आहे, पण वेळेला कोणी कोणाला फोन करायचा, हेच ठरलेले नाही. मी 31 वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. उपचाराइतकाच या ठरवण्याने माणूस वाचतो, हे मी वॉर्डात पाहिले आहे.

आता सी-303 मधल्या काकूंचे सांगते, कारण समितीच्या इतिवृत्तात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. वय 78, मुलगा बंगळुरूला. ऑगस्टमध्ये पहाटे बाथरूममध्ये पडल्या. दूधवाल्याने बेल वाजवली आणि आतून कण्हण्याचा आवाज आला, म्हणून कळले. जादा किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. सुताराला उठवून सेफ्टी डोअर तोडण्यात पाऊण तास गेला. 108 ची गाडी आली, पण एजन्सीकडून आलेल्या नव्या वॉचमनला सी विंग कुठली ते सांगता येईना. दोन नंबरच्या गेटला कुलूप होते. रात्री 10 ते सकाळी 7 ते गेट बंद ठेवायचा ठराव बी-502 च्या सभासदांनी मांडला होता आणि किल्लीही त्यांच्याकडेच असते. गाडी एक नंबरने आत घेतली, तर सी विंगच्या रॅम्पसमोर त्यांचीच दुसरी कार आडवी लावलेली. आपली लिफ्ट चार माणसांची, तिच्यात स्ट्रेचर आडवे मावत नाही. शेवटी चौघांनी काकूंना चादरीत घालून जिन्याने खाली आणले. खुब्याचे हाड मोडलेल्या बाईला चादरीत उचलणे म्हणजे काय, हे मी त्यांच्या तोंडाजवळ कान धरून ऐकले आहे.

त्या वाचल्या. ऑपरेशन झाले, आता मुलाकडे आहेत. त्यांच्या घराची किल्ली आता माझ्याकडे आहे. गॅलरीतल्या तुळशीला मी पाणी घालते.

या घटनेनंतर तरी समिती हालेल, असे वाटले होते. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी विषय काढला तेव्हा बी-502 चे सभासद उठून म्हणाले, "सोसायटीचे काम पाणी, लिफ्ट आणि साफसफाई. समाजसेवा ज्याने त्याने घरी करावी." त्यावर काही जण हसले. उपविधींतील संस्थेच्या उद्दिष्टांत सामाजिक उपक्रमही आहेत, ते कोणी वाचून दाखवले नाही. मला बोलायला तीन मिनिटे मिळाली. लॉबीच्या टाइल्सच्या रंगावर त्याच सभेत चाळीस मिनिटे चर्चा झाली.

या सभासदांबद्दल माझ्या मनात वैयक्तिक काही नाही. तरीही काही गोष्टी नोंदवणे भाग आहे. बदामाच्या झाडाखालचे बाक "तिथे बसून म्हातारी माणसे गप्पा मारतात, झोपमोड होते" म्हणून त्यांनीच काढायला लावले. तेव्हापासून ए विंगचे दोन आजोबा खाली उतरेनासे झाले आहेत. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, ही पाटीही त्यांच्याच आग्रहाने लागली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही सात जणांनी दूध, औषधे आणि डबे दारोदार पोहोचवले, तेव्हा त्यांच्या घरचा डबा तीन आठवडे माझ्याकडून जात होता. त्या वाटपाची वही अजून ऑफिसच्या कपाटात आहे, त्यात तारखांसकट नोंद आहे. तो गट नंतर "आता गरज नाही" म्हणून बंद केला, तोही त्यांच्याच सांगण्यावरून. आणि सोसायटीच्या ग्रुपवर "सिस्टरना निवृत्तीनंतर वेळ जात नाही" असे त्यांनी लिहिले, ते आपण वाचलेले आहे. आपण त्यावर काही लिहिले नाही. अध्यक्ष महोदय, आपल्या आईंना इंजेक्शन द्यायला मी रात्री दीड वाजता आलेली आहे. मला बोलून दाखवायचे नाही, पण त्या दिवशी आपण एक ओळ लिहायला हवी होती.

गटाने काय होते, याची दोनच उदाहरणे देते. ए विंगमधल्या एका जोडप्याचा मुलगा स्वमग्न आहे. विशेष मुलांसाठी वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र आहे, हे त्यांना इथे राहायला आल्यावर चार वर्षांनी, तेही माझ्याकडून जिन्यात कळले. चार वर्षे वाया गेली, हे त्या आईने मला रडत सांगितले. दुसरे असे की, ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आपल्या सोसायटीतल्या अकरा जणांची कार्डे मी माझ्या मोबाइलवरून काढून दिली. आणखी कितीजण राहिले, मला माहीत नाही, कारण यादी नाही.

यादी केली तर खासगी माहिती बाहेर जाईल, अशीही हरकत घेतली गेली. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्यानेसुद्धा आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी असे आहे. जे पोलिसांना चालते, ते सोसायटीच्या कुलूपबंद कपाटाला का चालू नये? आपल्या 80 घरांपैकी नऊ घरांत ज्येष्ठ माणसे एकटी राहतात. ही मोजणी मी स्वतः दारोदार जाऊन केली आहे आणि एकानेही माहिती द्यायला नकार दिला नाही.

मागच्या आठवड्यात सेक्रेटरींनी मला जिन्यात थांबवून सांगितले की गट करू, पण बी-502 ना प्रमुख नेमू, "त्यांचा विरोधही मावळेल." ज्यांच्या कारमुळे स्ट्रेचर अडले, त्यांच्या हाती मदतीची वही देणे मला मान्य नाही. माझ्याशी बोललेल्या बहुतेक सभासदांनाही नाही. मला स्वतःला प्रमुखपद नको. सी-101 मधल्या शिक्षिकाबाईंना करा, त्या शांत आहेत.

म्हणून विनंती अशी की, सी विंगच्या रॅम्पसमोरची ती कार येत्या रविवारपर्यंत हलवावी आणि तिथे पिवळे पट्टे मारावेत. दोन नंबरच्या गेटची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये असावी. गटाला ऑफिसच्या कपाटातला एक कप्पा आणि सूचनाफलकाची डावी बाजू मिळावी. बाक परत बसवावे. पैशांची मागणी नाही, वही मी आणलेली आहे.

या अर्जावर 14 सभासदांच्या सह्या आहेत. आणखी बऱ्याच जणांनी तोंडी होकार दिला आहे, पण मी सही घ्यायला गेले तेव्हा ते कामावरून आलेले नव्हते. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आपल्याकडे त्याला 16 सह्या लागतात. ती वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर लेखी द्यावे. पोच आजच हवी आहे, शिक्का मिळेपर्यंत मी ऑफिसमध्ये बसते.

आपली विश्वासू,
सभासद, सी-204

सोबत: 14 सह्यांची यादी, आधीच्या दोन अर्जांच्या प्रती