मृग, व्याध आणि नवा फोन

पुणे,
जानेवारी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

नवा फोन घेतल्याचं तुला बोललो होतोच. जुन्याची बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून शेवटी बदलला. पडदा मोठा आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पाच हजार एमएएचची बॅटरी रात्री झोपेपर्यंत पुरते आणि मेट्रोचं तिकीट फोनवरच निघतं. खोक्यात चार्जर नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला. हे सगळं ठीक आहे, चार दिवसांत अंगवळणी पडतं. पत्र लिहायला बसलोय ते एका फोटोसाठी. विनू, मी आमच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे तिथल्या चमकत्या वायूच्या ढगाचा, फोटो काढला!

आमची गच्ची तू पाहिली आहेस. एका बाजूला कर्वे रस्त्याचा उजेड, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींच्या जिन्यांतले रात्रभर जळणारे दिवे. रस्त्यावर पांढरे एलईडी आल्यापासून तर आकाश अमावास्येलाही राखाडी असतं. मृगाचे चार पाय, पोटातला बाण, खाली व्याध, वर रोहिणी, एवढं दिसलं की भरून पावलो म्हणायचं. कृत्तिका म्हणजे नुसता पुसट डाग. बाणाखाली तेजोमेघ आहे हे माहीत असून वर्षानुवर्षं तिकडे मान वर करून पाहणंसुद्धा मी सोडलं होतं.

तापकीर गल्लीतून मोबाईल अडकवायचा क्लिप आणला आणि तू ठेवून गेलेल्या ट्रायपॉडवर फोन चढवला. कॅमेऱ्यात ‘प्रो’ नावाचा भाग आहे, त्यात सगळं आपल्या हातात राहतं. आपला जुना हिशोब आठवला: पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. फोनची मुख्य लेन्स फिल्म कॅमेऱ्याच्या मापात साधारण २४ मिलिमीटरची, म्हणजे वीसेक सेकंदांच्या पुढे गेलं की तारे लांबट होणार. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि मृगाचा बाण तर खगोलीय विषुववृत्ताला (आपल्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेला) खेटूनच आहे, तिथे ही ओढ सगळ्यात जास्त दिसते. म्हणून ८ सेकंद, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ४००, फोकस अनंतावर. बोटाचा धक्का लागू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर.

पडद्यावर फोटो उमटला तेव्हा मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. मृगाच्या चार पायांतले दोन तारे, काक्षी नारिंगी, राजन्य निळसर पांढरा, दोन्ही एकाच चौकटीत! साडेतीन हजार केल्विन तापमानाचा तारा आणि बारा हजारांचा तारा, हा फरक आपण पुस्तकात वाचला, पोरांना शिकवला, पण शहरातून इतक्या ठसठशीतपणे मी कधी पाहिला नव्हता. आणि बाणाखाली तीळभर गुलाबी डाग. तेराशे वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश कोथरुडच्या गच्चीवर उतरला होता. तिथल्या हायड्रोजनचा खरा रंग याहून लाल, पण कॅमेऱ्यातलं फिल्टर गडद लाल प्रकाश बराच अडवतं, म्हणून तो गुलाबी दिसतो. मला तेवढाही पुष्कळ आहे.

यामागची करामत समजून घ्यायला मी बराच वेळ वाचत बसलो. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, क्षणाक्षणाला पाटी पुसतो. फोनचा सेन्सर जेमतेम नखाएवढा, पण आठ सेकंद येईल तो थेंब जमा करत राहतो. जाहिरातीतले ५० मेगापिक्सेलही तेव्हाच कळले. अंधारात शेजारशेजारचे चार पिक्सेल मिळून एक होतात आणि फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा निघतो. बारकावा थोडा जातो, प्रकाश मात्र चौपट गोळा होतो. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ फोनात याच्याही पुढची पायरी गाठली: सोळा-सोळा सेकंदांच्या पंधरा फ्रेम घेऊन, तारे सरकले तेवढे जुळवून, त्या एकमेकींवर बसवायच्या. आठव, १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतूसाठी आपण ४०० एएसएचा (म्हणजे आजच्या आयएसओ ४००चा) रोल घालून सिंहगडाच्या पायथ्याशी कुडकुडत होतो. जास्त वेळ उघडी ठेवली की फिल्म मंदावायची, आणि धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळायचं नाही.

एक शंका तुलाही येईल, मलाही आली. फोन स्वतःच्या मनाने काही रंगवत तर नाही ना? काही फोन चंद्र ओळखून त्याच्यावरचे तपशील सॉफ्टवेअरने भरतात, यावर २०२३ मध्ये बराच वाद झाला. म्हणून मी आपोआप सुधारणा करणारं सगळं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी नकाशा उघडून, भिंग घेऊन, बाणाभोवतीचा एकेक ठिपका ताडून पाहिला. सगळे आपापल्या जागी होते. असा मेळ लागल्याचा आनंद मला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जायचो त्या दिवसांनंतर पहिल्यांदाच झाला. आकाशनिरीक्षकांची १९४४ पासूनची ती संस्था. तिथल्या लोकांनी आपल्याला आधी नकाशा वाचायला लावला आणि मगच दुर्बिणीला डोळा लावू दिला, ते किती बरं केलं!

आकाश दाखवणारं ॲपही घेतलंय. फोन वर धरला की नक्षत्राचं नाव येतं. दिशा त्याला आतल्या चुंबकीय सेन्सरवरून कळते, त्यामुळे पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीजवळ गेलं की सगळं आकाश भलतीकडे वळतं. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढला की ताळ्यावर येतं. त्यातला लाल पडदा नक्की वापर. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती कमाई जाते. नवशिक्या मुलांना मात्र मी हे ॲप लगेच देणार नाही. रोहिणी बोटाने दाखवता येऊ दे, मग घ्या म्हणावं.

फोटो तुला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय. साधा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि बारीक तारे पहिले गळतात.

आता तुझ्याकडे एक काम. दापोलीला तुझ्या अंगणातून अजून खरा अंधार मिळतो. येत्या शनिवारी रात्री नऊ वाजता तू तिथून आणि मी इथून मृगाचा फोटो काढू: ८ सेकंद, आयएसओ ४००, फोकस अनंतावर. पुण्याच्या उजेडाने नक्की किती तारे खाल्ले ते शेजारी ठेवून मोजता येईल. शिवाय काक्षी रोहिणीपेक्षा किती तेजस्वी दिसतो तेही टिपून ठेव. २०१९ च्या अखेरीस तो कसा मंदावला होता, लक्षात आहे ना? दर हिवाळ्यात एक नोंद ठेवली तरी ती आपली नोंद असेल.

आणि महाशिवरात्रीला इकडे या. ती नेहमी अमावास्येच्या आदल्या रात्रीच येते, चंद्राची अडचण नाही. भोरकडे जाऊ, गाडीची सोय मी करतो. तू सहा इंची दुर्बीण आण. स्वतः कार्बोरंडमच्या पुडीने घासलेला तिचा तो आरसा फडक्यात गुंडाळून ठेवण्यासाठी नव्हता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शनिवारी आभाळ भरून आलं तर दुपारीच कळव, मग रविवारी करू.

तुझा,
अरविंद