शरभाला फासलेला सोनेरी रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराजवळच्या सार्वजनिक उद्यानातल्या शरभाच्या, म्हणजे सिंहासारख्या पौराणिक प्राण्याच्या, शिल्पाला गणेशचवथीच्या तोंडावर सोनेरी ऑइलपेंट फासला गेला. माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात झाली. हे बघून गप्प बसवत नाही.

हिरण्यकशिपूच्या वधानंतरही शांत न होणाऱ्या नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने शरभाचं रूप घेतलं, अशी शैव पुराणांतली कथा. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर तो पंजाखाली हत्ती दाबून असतो. आमच्या शिल्पकाराने त्याला खांद्याशी पंख दिले आणि हत्ती बेतला तो गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरातल्या खांबाच्या तळाशी कोरलेल्या हत्तीवरून. तिथे कदंब राजघराण्याचा हत्ती घोड्याला तुडवतो, इथे तोच पंजाखाली आला आहे. किती विचार आहे यात!

सिमेंट ओलं असतानाच त्यांनी आयाळीची एकेक बट पट्टीने ओढली होती. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्या रेषांत सावली उतरायची. आता रंगाच्या थराखाली रेषा बुजल्या, पिसांच्या कडा गेल्या, अंग नुसतं चकाकतं. मुलं त्याला कदंबा बसवरचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवरचा, सिंह म्हणतात. त्यांना शरभाची गोष्ट सांगणारी एक ओळ तिथे नाही. फलक आहे तो उद्घाटनाचा: पाहुणे, हुद्दे, तारीख. घडवणाऱ्याचं नाव नाहीच.

हे शिल्पकार वडिलांच्या चित्रशाळेत गणपती करत वाढले, पुढे पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकले. आजही इथेच राहतात. तरी रंग देण्याआधी त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

संमोहनशास्त्रातले अग्रणी गोमंतकीय धर्मगुरू आबे फारिया यांच्या पणजीतल्या पुतळ्याचंही तेच. १९४५ पासून तो जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे, फोटो सगळेच काढतात. पण तो घडवणारे रामचंद्र पांडुरंग कामत आपल्या मडकईचे, हे सांगितलं की इथल्याच माणसांना नवल वाटतं.

संबंधितांना विनंती, की शरभावरचा रंग शिल्पकारांच्याच देखरेखीखाली काढून घ्यावा. तारेच्या ब्रशने घासायला मजूर लावू नयेत, उरलेल्या रेषाही जातील. आणि उद्घाटनाच्या फलकाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, शिल्पकाराचं नाव कोरावं.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, अंत्रुज महाल (फोंडा), गोवा