वुंट आणि 1879 च्या आधीची वर्षं

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मानसशास्त्राच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट म्हटलं की 1879, लाइपझिग, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा एवढं सांगून सगळे पुढे जातात तसंच इथेही झालंय. तेव्हा हा माणूस पंचेचाळिशी ओलांडलेला होता हो! खरी गंमत त्याआधीच आहे.

वरती चौकटीत "नापास मुलगा झाला शास्त्रज्ञ" असं टाकलंय, ते तर व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारखं वाटलं. नापास झाला हे खरं, ब्रुखझालच्या शाळेत पहिलंच वर्ष वाया गेलं, एका मास्तरांनी तर पोस्टात चिकटण्याचा सल्ला दिला म्हणतात. पण का नापास झाला ते बघा ना. वडील खेड्यातले पाद्री, घरात हा एकटा पडलेला, शिकवायला वडिलांच्या हाताखालचा एक तरुण पाद्री, त्याच्यावर एवढा जीव की त्याची बदली दुसऱ्या गावी झाली तर हा पण रडून रडून त्याच्याकडे राहायला गेला. असा मुलगा एकदम अनोळखी शाळेत टाकला तर तो स्वप्नंच बघत बसणार. हायडेलबर्गच्या शाळेत आल्यावर मित्र मिळाले, वाचायला लागला, गाडी रुळावर आली, मार्क मात्र बेताचेच.

डॉक्टरकीला गेला तो काही मनाची कोडी सोडवायला नाही. वडील लवकर गेलेले, आईची पेन्शन तुटपुंजी, पोटापाण्याचं बघायला हवं, आणि 1851 ला ट्युबिंगेनला गेला कारण मामा फ्रीडरिश आर्नोल्ड तिथे शरीररचना शिकवायचे. वर्षभरानं मामा हायडेलबर्गला आले, हा पण आला. तिथे रसायनशास्त्राला बुन्सेन, आपल्या शाळेतल्या बर्नरवाले तेच. त्यांच्याकडे शिकताना पठ्ठ्यानं स्वतः मीठ खायचं सोडलं आणि लघवीतलं मीठ किती कमी होतं ते मोजलं, 1853 ला त्यावर पहिला पेपर छापून आला, वय जेमतेम 21. मला तर वाटतं पुढचा सगळा वुंट इथेच दिसतो, स्वतःवरच प्रयोग करायचा आणि आकडा काढायचा.

मग 1856 ला एम.डी., बर्लिनमध्ये योहान्नेस म्युलर आणि द्यु बुआ-रेमों या शरीरक्रियाशास्त्रज्ञांकडे थोडे दिवस, 1857 ला हायडेलबर्गला शिकवायला सुरुवात, तर वर्गात 4 विद्यार्थी आणि त्यातच जीवघेणं आजारपण. 1858 ला तिथे नावाजलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ आले आणि हा त्यांचा असिस्टंट झाला. आता सगळे लिहितात की हेल्महोल्ट्झनी त्याला घडवलं, मला तेवढं पटत नाही. त्याच्याकडे काम काय, तर मेडिकलच्या पोरांकडून प्रॅक्टिकल करून घ्यायची. स्वतःचं डोकं तो घरी चालवत होता. 1861 च्या सुमारास लोलकाच्या घड्याळाला असं काही जोडलं की लोलक ठरावीक जागी आला की घंटी वाजायची, आणि बघतो तर घंटी ऐकू येते तेव्हा लोलक जिथे असल्यासारखा दिसतो तिथे तो खरा नसतोच! दोन गोष्टींकडे एकाच क्षणी लक्ष जात नाही, मधे साधारण एक अष्टमांश सेकंद जातो. खगोलशास्त्रज्ञांना तारे बघताना हाच घोळ आधीपासून माहीत होता, ते त्याला निरीक्षकाची चूक समजून वजा करून टाकायचे, यानं तीच चूक अभ्यासाचा विषय केली. 1862 च्या पुस्तकात तर प्रयोगाचं मानसशास्त्र हवं असं लिहूनच टाकलंय, म्हणजे लाइपझिगच्या 17 वर्षं आधी.

आणि आपल्याकडचा धागाही लेखात हवा होता. 1916 ला कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग निघाला, तो सांभाळणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता अमेरिकेत हार्वर्डला मानसशास्त्रज्ञ म्युन्स्टरबर्गकडे शिकलेले, आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचाच विद्यार्थी. पुढच्या भागात लेखकांनी यावर लिहिलं तर वाचायला आवडेल.

आपला,
एक जुना वाचक, मिरज