प्लाझ्माची वाट पाहू नका, मुलांची दाढ आजच दाखवा

संपादक महोदय,
स. न.

थंड प्लाझ्माच्या झोताने दातातली कीड मरते, आता ड्रिलची गरज नाही, असा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. सांगोल्यातल्या माझ्या दवाखान्यात पालक तो दाखवतात आणि म्हणतात, "डॉक्टर, पोराला मशिन नको. ते प्लाझ्माचं आलं की बघू." यातलं विज्ञान खरं आहे, म्हणूनच ते पूर्ण सांगायला हवं.

हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे. हेलियमसारख्या वायूतून वीज सोडली की विद्युतभारित वायूचा बारीक झोत तयार होतो, तोच थंड प्लाझ्मा. त्यात इलेक्ट्रॉन तेवढे तापतात, वायू जवळजवळ गार राहतो. हवेशी गाठ पडताच ऑक्सिजन-नायट्रोजनचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि जंतूंचं आवरण फोडतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 2006 मध्ये 'प्लाझ्मा सुई'ने स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा साखरेचं आम्ल करणारा जंतू मारून दाखवला गेला. 2010 मध्ये जर्मनीतल्या झारलँड विद्यापीठाच्या श्टेफान रुप्फ यांच्या गटाने काढलेल्या दाढांच्या चकत्यांवर जंतू वाढवून 6, 12 आणि 18 सेकंद झोत सोडला. जंतू 10,000 पटींपर्यंत घटले. खोल किडलेल्या दाढेचा शेवटचा मऊ थर खरवडताना नस उघडी पडेल ही धास्ती मला रोजची आहे. तो थर न कोरता निर्जंतुक करता आला, तर कितीतरी रूट कॅनल टळतील.

पण त्या चकत्या प्रयोगशाळेतल्या होत्या. तोंडात लाळ असते, जंतूंचा थर जाड असतो आणि झोत खोलवर पोचत नाही. शिवाय जंतू मेले तरी पडलेला खड्डा बुजत नाही, तो सिमेंटने भरावाच लागतो. तीन ते पाच वर्षांत हा उपचार येईल, अशी आशा तेव्हा व्यक्त झाली होती. आपल्या तालुक्यांत तो अजून कुठेच नाही.

दुधाच्या दाढेचं कवच पातळ. कीड भराभर नसेपर्यंत जाते, मूल रात्र रात्र रडतं. "पडणारच आहेत की ते दात," असं म्हणू नका. मागच्या दाढा वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि त्या लवकर गेल्या तर खालून येणाऱ्या दातांची जागा जाते.

मशिनची भीती मला समजते. त्यावर आजच उपाय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचं द्रावण ब्रशने लावलं की बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. डाग काळा पडतो, हे आधीच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत मुलांचे दात तपासले जातात. तिथे नुसती चिठ्ठी न देता, दंतवैद्य नेऊन हे द्रावण त्याच दिवशी लावण्याची सोय आरोग्य विभागाने करावी. आणि प्लाझ्माची खरी परीक्षा रुग्णांवर, रीतसर परवानगीने, आपल्या शासकीय दंत महाविद्यालयांनी हाती घ्यावी. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था काही फार लांब नाही.

– एक दंतवैद्य, सांगोला (जि. सोलापूर)