तुझ्या नगरात पाणी कुठून येतं?

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

तुझ्या काल्पनिक नगराचा इतिहास रात्री दीडपर्यंत वाचत बसलो आणि सकाळी बायकोची बोलणी खाल्ली. नकाशा झकास. तेवीस राजांची वंशावळ तर जर्नलपेक्षा नीट लिहिलीयस. पण गड्या, एवढी वस्ती डोंगरमाथ्यावर वसवलीस, ती पाणी कुठलं पिते?

हसू नकोस. गेल्या महिन्यात संभाजीनगरची पाणचक्की पाहून आलो, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो आणि १६१० मध्ये तिथल्या खडकी गावी शहर वसवतो. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणतो. पाणचक्की नंतरची, तिथंही पाणी लांबून मातीच्या नळांतून यायचं, त्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं दळण निघायचं. मी तिथं तासभर नुसता उभा होतो. तुझ्या तेविसांपैकी एकानं तरी नळ फुटल्याची तक्रार ऐकलीय का?

आणि नऊशे वर्षं एकच नाव? खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. म्हाताऱ्यांच्या तोंडी जुनं नाव राहतं, त्यावरून भांडणं होतात. तेवढं भांडण तुझ्याकडेही लाव.

देव मात्र फारच गुळगुळीत झालेत. वायुदेव, अग्निदेव! आपल्या पुण्यात बघ : समोर पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसायचे म्हणून पासोड्या विठोबा. शिवाय उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर. देवाला असं नाव ठेवायला गावाची जीभ लागते, पुरोहिताचं ते काम नाही.

एक जागा मात्र जमलीय. कुंभारवाड्यातली ती म्हातारी पुराच्या सालापासून वय मोजते, तिथं मी थांबलोच. आमची आजी तशीच. पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, ते १९६१ साल म्हणायची नाही, ‘पानशेतच्या आधी’ किंवा ‘पानशेतनंतर’. लग्नं, बारशी, भाड्याची खोली, सगळं त्याच हिशोबात. त्या म्हातारीला अर्ध्या पानात संपवलंस आणि सहाव्या राजाच्या राज्याभिषेकाला चार पानं दिलीस!

पुढच्या रविवारी ये. नकाशा घेऊन ये, पण पेन्सिलीनं काढलेला. नदी हलवावी लागणार आहे.

तुझा,
बाळ्या