एक कूलर, एक पातेलं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

घरखर्च आवळण्यावर जे लिहून येतं, त्यात काय काय बंद करावं हे भरपूर असतं. जे उरतं ते नीट कसं करावं, हे क्वचितच सापडतं. ओढाताणीच्या दिवसांत घर कष्टी होतं ते बहुधा यामुळेच. नागपूरच्या उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर कूलर आणि गॅस, ही दोन कामं साधली की कमी पैशांतही घर सुखाचं राहतं.

पारा ४५ कडे सरकतो तेव्हा आपली हवा कोरडी असते. कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या ताटीवरचं पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, कूलर चालतो तो एवढ्याच बळावर. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर २ युनिट जळतात; दीड टनी एसी तेवढ्या वेळात सहज ८-१० युनिट ओढतो. शिवाय महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात, त्यामुळे वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं.

एवढं असून कूलरला नावं ठेवली जातात, कारण तो खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात. तासाभरात हवा दमट होते आणि अंग चिकचिकतं. कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. गवताच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदलाव्यात. बोअरच्या पाण्याचा क्षार वरच्या नळीच्या भोकांत बसतो, ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून गरम झळ सरळ आत येते. भोकं सुईनं मोकळी करावीत, पंप पंख्याच्या दहा मिनिटं आधी लावावा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासायच्याच, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि नुसतं पाणी ओतून दिल्यानं जात नाहीत. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवंच, आणि पाणी भरताना प्लग काढलेला. यात आळस नको, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात.

कूलर एक म्हणजे सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत. भांडणंही तिथेच होतात, पण रुसून दुसऱ्या खोलीत जायची सोय नसल्यानं लवकर मिटतात.

गॅसचं म्हणाल तर कुकरला पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. दाब एकदा आला की मोठ्या आचेनं आतली उष्णता वाढत नाही, जादा गॅस नुसती वाफ करण्यात जातो आणि ती शिट्टीतून निघून जाते. तूरडाळ तासभर भिजलेली असेल तर बारीक आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात. मग बंद करून दाब आपोआप उतरू द्यावा, डाळ तेवढ्यात शिजत राहते. ज्योत पिवळी दिसली, भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रं बुजली समजा.

आणि एका पातेल्यात जेवण व्हावं तर गोळाभातासारखं दुसरं काही नाही. दोन वाट्या तांदळाला एक वाटी चणाडाळ, चार तास भिजवून पूर्ण निथळलेली. ती जाडसर वाटून तिखट, हळद, हिंग, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालावं आणि गोळे वळावेत. मोहन घालायचं राहिलं की गोळे दगड होतात, आणि घट्ट दाबून वळले तरी आतून कोरडे लागतात. वाटताना पाणी पडलं तर गोळे भातात विरघळून खिचडी होते. भाताला नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त ठेवावं, गोळे ते पितात. ते सुरुवातीलाच टाकू नयेत, तळाशी जाऊन बसतात. वरचं पाणी आटून भाताला भोकं दिसू लागली की अलगद वर मांडायचे, झाकण ठेवून बारीक आचेवर पंधरा मिनिटं. ताटात गोळा फोडून वर मोहरी-लाल मिरचीची तेलाची फोडणी सढळ हातानं घ्यावी. काटकसर इथे करू नये. सोबत कढी किंवा चिंचेचं सार.

उरलेले गोळे सकाळी कुस्करून कांद्यावर परतले की नाश्ता होतो.

आपले,
महाल भागातील काही वाचक, नागपूर